सोडून राह्यलो

भाऊजी,

काल तुमची तेरवी झाली. पंगत बसली, वरणावर तूप पडलं आणि तिसऱ्या घासाला भांडण सुरू झालं. विषय तुम्हीच. नत्थुजी माळ्याचा नातू, जो तेव्हा जन्मला नव्हताच, ज्याचा बापसुद्धा तेव्हा रांगत होता, तो हात चाटत म्हणाला, "आबा सांगे, त्या दिवशी म्यानेजरनं सगळ्यायले पुढे धाडलं नसतं, तर शील्ड सिंदीले आली असती." समोर बाबाराव बसला होता, तुमचा लेफ्ट औट. दात गेलेत, भात नुसता घोळवतो. तो म्हणाला, "तू होता काय मैदानात? मी होतो. म्यानेजर बरोबर होता. माहे पाय कमी पडले." मग आणखी चौघं पडले त्यात. वाढणारी सून माझ्याकडे बघायला लागली, ह्यांना गप्प करू का म्हणून. मी म्हटलं, राहू दे. तेरवीला लोक मेलेल्याचा चांगुलपणा आठवून आठवून खोटं बोलतात. तुमच्या तेरवीला लोक तुम्हाला म्यानेजरपदावरून काढायला हवं होतं की नको, ह्यावर हमरीतुमरीवर आले. एवढा मान सिंदीत दुसऱ्या कोणाला मिळालेला मला आठवत नाही.

शील्ड अजून तीन सामने लांब होती, हे मी त्या पोराला सांगितलं नाही. आजोबांची शील्ड आहे, त्याला ठेवू दे.

तुमचा जन्म कधीचा, नोकरी कुठे, मागे कोण, हे तुमच्या पुतण्यानं, म्हणजे माझ्या थोरल्यानं, कागदावर छापून वाटलं. त्यात एक ओळ आहे, 'कै. काकांना फुटबॉलची आवड होती.' वाचून मला हसू आलं. मासोळीला पाण्याची आवड होती म्हणावं तसं. पण मुलगा रडत रडत लिहीत होता, म्हणून बोलले नाही. मला जे लिहायचं आहे ते त्या कागदावर मावणारं नव्हतं, आणि कालपर्यंत ते लिहायचं धाडसही नव्हतं. काल जेवणं आटोपल्यावर एक माणूस भेटायला आला. त्याचं पुढे सांगते.

मी ह्या घरात आले तेव्हा तुम्ही चोवीस वर्षांचे धाकटे दीर, आणि मी एकोणीस वर्षांची, वाईहून आलेली थोरली सून. त्या पोरीचा मला आता राग येत नाही, गंमत वाटते. मॅट्रिक पास. नुकताच अंबाडा घालायला शिकलेली, तो दिवसातून चारदा सुटायचा. आणि मराठी म्हणजे काय ते फक्त कृष्णेच्या घाटावर कळतं, अशी पक्की खात्री. इथं 'मले', 'तुले', 'काऊन' कानावर पडलं की तिचं नाक इतकं वर जायचं, की पायाखालचा उंबरा दिसायचा नाही. दोनदा पडलीसुद्धा.

पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, मीठ सरून राह्यलं." मी ऐकलं ते असं, की मीठ सरत आलं होतं पण राहिलं. राहिलं म्हणजे आहे. मी निवांत. दुसऱ्या दिवशी डब्यात खडखडाट आणि घरभर अळणी वरण. तुमचे दादा काही न बोलता जेवले, ते कधीच काही न बोलता जेवायचे. सासूबाई शेजारणीला सांगून आल्या की आमच्या सुनेला शिकवून पाठवलं आहे पण ऐकू येत नाही. तुम्ही मात्र मोरीपाशी हात धुताना हळूच म्हणालात, "वयनी, आमच्याकडे राह्यलं म्हणजे राह्यलं नाई. सरून राह्यलं म्हणजे सरते आहे. जाऊन राह्यला म्हणजे चालला. तुमच्याकडे जो राहते, तो आमच्याकडे निघालेला असते." आणि स्वतःच इतके हसलात, की सासूबाई बाहेरून ओरडल्या.

त्या घरात माझ्याशी बोलणारं माणूस एकच होतं, हे मला त्याच दिवशी कळलं.

फुटबॉल तुम्हीच शिकवलात, सुपात. मी तूर निवडायला बसले होते. तुम्ही अकरा दाणे तुरीचे मांडलेत, अकरा हरभऱ्याचे, आणि मध्ये एक वाटाणा. ऑफसाइड समजावून सांगत होतात. मी विचारलं, "हा हरभरा पुढे उभा आहे तर त्यात त्याचा काय गुन्हा? लवकर पोचला बिचारा." तुम्ही कपाळाला हात लावलात. पुन्हा मांडलं. मी पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्यांदा सासूबाई आल्या आणि सूप उचलून घेऊन गेल्या, आणि त्या दिवशीच्या आमटीत दोन्ही टीम एकत्र शिजल्या. तुम्ही ताटातला वाटाणा बोटानं बाजूला सारून मला दाखवलात आणि म्हणालात, "गोल."

तुमचा गुडघा दोन वर्षांपूर्वीच गेला होता. पळता येत नव्हतं, म्हणून तुम्ही म्यानेजर झालात. आता टीव्हीवर म्यानेजर दिसतात, कोट घातलेले, शेजारी चार माणसं वही घेऊन. तुमचं म्यानेजरपण म्हणजे चेंडूच्या ब्लॅडरला पंक्चर काढायचं, वरची चामड्याची वादी दाभणानं शिवायची, पोरांच्या बापांच्या हातापाया पडून त्यांना रविवारी शेतातून सोडवायचं, सामन्याच्या दुसऱ्या दिवशी अकरा बनियनी विहिरीवर स्वतः धुवायच्या, आणि हरलं की गावाच्या शिव्या खायच्या. हंगामात सहा महिने जिनिंगमध्ये कापसाच्या वजनाची पावती लिहायचात. उरलेले सहा महिने तुम्ही फक्त म्यानेजर होतात.

बनियनींचं पाप माझं. एकदा तुमचा गुडघा सुजला होता म्हणून मी म्हटलं, आज मी धुते. धुतल्या, आणि शहाणपणानं माझं नवं लाल लुगडंही त्याच घंगाळात बुडवलं. टीम गुलाबी झाली. सबंध हंगाम सिंदीची टीम गुलाबी बनियनीत खेळली, कारण दुसरा जोड नव्हता. मी पदरात तोंड खुपसून रडले. तुम्ही म्हणालात, "रडू नका वयनी, दुरून दिसन आता. माहे पोरं तशेही एकमेकायले सापडत नाईत."

आणि ती टीम सापडेनाशीच झाली होती त्या वर्षी. चार सामने हरलात, ओळीनं. सेलूला हरलात, हिंगणघाटला हरलात, दोन तर घरच्या मैदानावर. गावात लोक तुम्हाला बघून बोलणं थांबवायचे, आणि तुम्ही पुढे गेलात की पुन्हा सुरू करायचे. मग वर्ध्याला शील्डचा सामना आला, पुलगावच्या टीमशी. अर्धी सिंदी पॅसेंजरनं वर्ध्याला गेली. आम्ही बायका अर्थात घरी. तेव्हा मी तो सामना पाहिला नाही, पण गेली साठ वर्षं इतक्यांदा ऐकला आहे, की डोळे मिटून सांगते. एक-एक बरोबरी. पाच मिनिटं उरलेली. बरोबरी झाली असती तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सामना. सगळे म्हणत होते, मागे राहा, सांभाळा. आणि रेषेवर उभं राहून तुम्ही हातातली छत्री वर केलीत. छत्री वर म्हणजे सगळे पुढे. सगळे गेले. बाबारावच्या पायातून चेंडू सुटला, पुलगावचा एक पोऱ्या रिकाम्या मैदानातून एकटा पळत आला, आणि गोल झाल्यावर चेंडू परत मध्यावर ठेवायच्या आत शिट्टी वाजली.

तुम्ही घरी आलात ते जेवायला बसला नाहीत. सासूबाईंनी विचारलं, "काय झालं?" तुम्ही म्हणालात, "भूक मरून राह्यली." मला तेवढं समजलं.

दुसरा दिवस रविवार. सकाळी आठालाच आपली ओसरी भरली. क्लबचे सेक्रेटरी म्हणजे शाळेतले देवराव मास्तर. नत्थुजी, ज्यांची स्टेशनमागे वांग्या-कोबीची बाडी होती. स्टेशनचे तारबाबू. आणि कडुनिंबाखाली माना खाली घालून खेळाडू. तुमचे दादा कोपऱ्यात वर्तमानपत्र उघडून, त्याच्या मागे. मी दाराआड किटली घेऊन. तुम्ही मागे विहिरीवर, बनियनी धुवायला.

"मी बजाराचा दिवस सोडून वर्ध्याले गेलतो," नत्थुजी म्हणाले. "चार सामने हरले, मी बोललो नाई. हार-जीत चालते. पन बरोबरी हाती आली अन् फेकून देल्ली. असा मानूस म्यानेजर ठेवाचा काऊन, ते सांगा मले कोनी."

"ठेवायचा नसेल तर दुसरा कोण?" मास्तर म्हणाले. "तुम्ही भरता का चेंडूत हवा?"

"हवा भरनं येगळं अन् अक्कल येगळी, मास्तर."

तारबाबू म्हणाले, "मेरी तो इज्जत का सवाल है. सकाळी पुलगावच्या तारबाबूनं लाइनवर टकटक करून पुसलं, तुमचा म्यानेजर जागेवर हाय का बदलला? आता मी काय जवाब देऊ? सरकारी लाइन आहे."

"अन् ते गुलाबी बनियन," कोणीतरी मागून बोललं. "पुलगावची पोरं म्हने, सिंदीनं बायकायची टीम पाठवली."

सगळे हसले. दाराआड माझा कान तापला.

"हसू नका बे," बाबाराव निंबाखालून म्हणाला. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. "चेंडू माह्या पायातून गेला. म्यानेजरच्या छत्रीतून नाई गेला."

"तू गप रे. तुले पुढे पाठवलं कोनं?"

असं तासभर चाललं. काढा, ठेवा, काढा. नत्थुजींचा आवाज सगळ्यात मोठा आणि डोळे सगळ्यात ओले होते, हे मी फटीतून पाहिलं. शेवटी मास्तर म्हणाले, "आपण काढण्याआधी त्याला विचारायला पाहिजे. नाहीतर उद्या त्याच्या तोंडाकडे कसं पाहणार? वहिनी, ओ वहिनी. जरा विचारून या. टीम ठेवतो की सोडतो म्हणावं. तो म्हणेल ते."

मी गेले. दहा बनियनी दोरीवर होत्या, अकरावी तुमच्या हातात. तुम्ही वळला नाहीत. बनियन पिळत पिळत म्हणालात, "सांगून द्या वयनी. मी टीम सोडून राह्यलो."

मी ओसरीवर आले. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या पुरुषांसमोर उभी राहिले. पदर सावरला आणि माझ्या वाईच्या स्वच्छ मराठीत म्हटलं, "भाऊजी म्हणतात, सोडायचं मनात होतं, पण राहिलो."

मग नत्थुजी म्हणाले, "इतक्या शिव्या खाऊन बी राह्यला?" त्यांनी डोक्याचं मुंडासं काढलं, पुन्हा बांधलं. "मंग राहू द्या बाप्पा. ज्याले इतकं लागते त्याले काढाचं कसं." निंबाखालची पोरं विहिरीकडे पळाली. तुम्हाला ओढत पुढे घेऊन आली, हातात अजून ती ओली बनियन. तुम्ही त्या सगळ्यांकडे पाहिलंत. मग माझ्याकडे. तुम्ही एक वाक्य बोलला असता तर सगळं सरळ झालं असतं, आणि नवी सून गावभर हसं होऊन बसली असती. तुम्ही म्हणालात, "चहा हाय का?"

ही गोष्ट तुम्ही साठ वर्षं सांगितलीत. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात. माझा पदर सावरणं, माझा 'राहिलो'मधला हि, माझं वर गेलेलं नाक, सगळं हुबेहूब. "वयनीच्या कानानं मले म्यानेजर ठेवलं," असं म्हणून संपवायचात आणि लोक हसून हसून लोळायचे. मीठ सरल्याची गोष्ट जोडीला असायचीच, पुरावा म्हणून. माझी नातवंडं शाळेत सांगून आली. मी प्रत्येक वेळी लटकी रागवायचे. कोणी मला विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

मी बरोबर ऐकलं होतं, भाऊजी.

एकूणएक शब्द. लग्नाला तोवर आठ महिने झाले होते. आठ महिन्यांत बाजारहाट, भांडणं, शेजारणींच्या उखाळ्या-पाखाळ्या काढणं, सगळं मी तुमच्या भाषेत करत होते, फक्त कबूल करत नव्हते. 'सोडून राह्यलो' म्हणजे काय हे मला मोरीपाशी तुम्हीच शिकवलं होतं. आणि मला आणखी एक गोष्ट माहीत होती, जी ओसरीवरच्या कोणालाच माहीत नव्हती.

गुरुवारी तुमच्या नावाचं एक कार्ड आलं होतं. पोस्टमन माझ्या हाती देऊन गेला. पाकीट फोडणं वाईट, पण कार्ड तर उघडंच असतं, ते वाचायला परवानगी कशाला, अशी त्या शहाण्या पोरीची समजूत. वाचलं. नालवाडीच्या गृहस्थांचं होतं, ज्यांची शांता तुम्ही पाहून आला होता आणि आल्यापासून शिट्टी वाजवत होता. त्यांनी लिहिलं होतं, सहा महिन्यांच्या नोकरीवर मुलगी देणं कठीण वाटतं, परंतु नागपूरला माझ्या मेहुण्यांच्या ऑफिसात जागा आहे, बारमाही, पंधरा दिवसांत हजर व्हावं लागेल, झालात तर पुढचं बोलू. मी ते कार्ड तुमच्या कोटाच्या खिशात ठेवलं आणि तीन दिवस तुमच्या तोंडाकडे बघत राहिले. तुम्ही काही बोलला नाहीत. सामना जिंकला असता तर कदाचित टीम आणि नागपूर ह्यांत ओढाताण झाली असती तुमची. हरल्यावर सोपं झालं. म्हणून तुम्ही इतक्या शांतपणे बनियन पिळत होतात. 'सोडून राह्यलो' म्हणजे टीम, आणि सिंदी, आणि हे घर.

विहिरीपासून ओसरीपर्यंत अठ्ठावीस पावलं आहेत. नंतर मी ती बऱ्याचदा मोजली. त्या अठ्ठावीस पावलांत मी एवढाच विचार केला, की हे गेले तर ह्या घरात माझ्याशी बोलेल कोण. टीमचा विचार केला नाही. गावाचा नाही, तुमचा तर नाहीच. एकोणीस वर्षांच्या पोरीला दुसऱ्याचं आयुष्य केवढं असतं हे दिसत नाही, स्वतःची दुपार केवढी मोठी आहे तेवढंच दिसतं. आणि वेडपट बनायची तिची तयारी होती. मला ऐकू येत नाही हे घरात ठरलेलंच होतं, ते एकदा कामाला आलं.

मला वाटलं होतं, फार तर आठ दिवस. मग तुम्ही सांगालच खरं आणि जाल. पण पोरांनी त्या संध्याकाळी सराव केला, तुम्ही छत्री घेऊन उभे राहिलात, दुसऱ्या दिवशीही राहिलात, आणि पंधरा दिवस निघून गेले. तुम्ही नालवाडीला काय उत्तर धाडलंत मला माहीत नाही. ते मी वाचलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात शांताचं लग्न हिंगणीच्या एका मास्तरांशी झालं. तुम्ही गेलात, कंबर बांधून पंगतीत वाढलंत, संध्याकाळी परत आलात आणि पायरीवर बसून म्हणालात, "वरन पातळ होतं."

त्यानंतर सासूबाईंनी दोन ठिकाणं आणली. तुम्ही दोन्ही वेळा मुलीच्या बापाला फुटबॉल समजावून सांगत बसलात. तिसरं ठिकाण कोणी आणलं नाही.

टीम आणखी सात वर्षं टिकली. शील्ड कधी आली नाही. मैदानावर कापसाचं गोदाम झालं. बाबाराव रेल्वेत लागला, बाकीचे पांगले. तुम्ही राहिलात, आमच्या मराठीत. माझ्या तिन्ही मुलांना चालायला तुम्ही शिकवलंत, म्हणून तिन्ही चालायच्या आधी लाथ मारायला शिकली. तुमचे दादा गेले तेव्हा तुम्ही तेरा दिवस माझ्याशी एक शब्द सांत्वनाचा बोलला नाहीत. चौदाव्या दिवशी म्हणालात, "वयनी, बरोबरी घेतली असती तर दुसऱ्या दिवशीही हरलोच असतो," आणि मी तुमच्याशी तासभर भांडले. त्या भांडणानं मी उठून बसले. तो वाद आपला कधी संपला नाही. मी म्हणायचे, उद्या पुन्हा खेळता आलं असतं तर काय बिघडलं असतं? तुम्ही म्हणायचात, "उद्या कोनं पाह्यला?" मी म्हणायचे, सगळ्यांनी, रविवार होता. मला खात्री आहे की मी बरोबर आहे, आणि आता ते मान्य करायला कोणी नाही.

एवढं सगळं मला मिळालं, भाऊजी. बोलायला माणूस मिळालं, साठ वर्षं. मी जे मागितलं होतं त्याहून कितीतरी जास्त. ते कोणाच्या वाटचं होतं, ह्याचा हिशेब मी टाळत आले. कधी कधी वर्ध्याला जाताना नालवाडी आली की मी पलीकडच्या बाजूला बघायचे. तुम्ही सरळ समोर बघायचात.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी रोज ठरवून यायचे, की आज सांगेन. एक दिवस तर सुरुवातही केली. "भाऊजी, त्या दिवशी विहिरीवर..." म्हटलं. तुम्ही डोळे उघडलेत. इतके स्वच्छ डोळे. मी संत्रं सोलायला घेतलं. तुम्ही म्हणालात, "काय म्हनत होत्या?" मी म्हटलं, "काही नाही. बिया काढते." तुम्ही हसलात. ते हसू संत्र्याला होतं की मला, हे मला सांगता येत नाही. तुम्ही मुळात फसलाच नव्हता का, हे मला विचारायचं होतं. भाषा तुम्ही शिकवलेली, शिष्या काय शिकली ते तुम्हाला कळलं नसेल, असं मला वाटत नाही. पण कळलं असेल तर राहिलात का? विचारलं असतं तर आधी मला सांगावं लागलं असतं. म्हणून दोन्ही राहून गेलं. मी चार फोडी भरवल्या. पाचवी तुम्ही घेतली नाहीत.

आता कालचं सांगते. पंगत उठली, लोक पांगले, आणि एक साठीकडे झुकलेला माणूस पायातल्या चपला काढून ओसरीवर आला. नीटनेटका, खिशाला पेन. त्यानं माझ्या पायांना हात लावला आणि म्हणाला, "मी हिंगणीहून आलो. आईनं पाठवलं. शांताबाई म्हणजे माझी आई. ती आता उठत नाही, नाहीतर स्वतः आली असती."

मी त्याला बसायला सांगितलं. पाणी दिलं. त्यानं ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "काकू, माझे वडील फार चांगले होते. आई सुखात होती. तसं काही नाही." मी म्हटलं, बरं. "पण बातमी आली तशी ती दोन दिवस बोलली नाही. मग मला म्हणाली, तेरवीला जाजो अन् घरच्या वडीलधाऱ्या बाईले एक पुसजो. ते नागपूरले गेले काऊन नाई? मी पसंत नव्हती काय?"

भाऊजी, ती बाई ऐंशी वर्षांची आहे.

मला एक सोपं उत्तर येत होतं. सगळ्या गावाला ठाऊक असलेली, हसवणारी गोष्ट होती माझ्याजवळ. नवी सून, वाईचं नाक, चुकीचं ऐकलं, काय करणार. त्यानं ती जाऊन सांगितली असती आणि कदाचित ती म्हातारी हसलीही असती. माझ्या जिभेवर आली होती.

मी म्हटलं, "आईला सांग, ते तिच्यासाठी निघालेच होते. निरोप माझ्या हाती होता. तो मी मुद्दाम उलटा सांगितला. मला ते जायला नको होते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागावला असता तर बरं वाटलं असतं मला, पण त्याच्या चेहऱ्यावर तसं काही दिसलं नाही. त्यानं खिशातून पेन काढलं, एक घडी केलेला कागद काढला आणि दोन्ही माझ्यापुढे धरले. म्हणाला, "आईला आता अजिबात ऐकू येत नाही. मी लिहिलं तर तिला वाटेल मी मनानं रचलं. तुम्हीच लिहून द्या."

मी लिहून दिलं.